अंगणातली कोंबडी पाकिटात कशी गेली



मागच्या नोंदीत पोल्ट्री शेडच्या खर्चाचा हिशोब मांडला होता. त्यावर दोन तऱ्हेचे प्रश्न आले. तरुण पोरांनी विचारलं, "काका, बॉयलरचं शेड टाकू का?" आणि दोन-तीन भगिनींनी विचारलं, "भाऊ, शेड घ्यायचं म्हटलं की कंपनीवाले घरच्या चार गावरान कोंबड्या का मोडायला लावतात?" पहिल्या प्रश्नाला दहा जणांनी उत्तरं दिली. दुसऱ्याला कोणीच दिलं नाही. मला मात्र तोच प्रश्न मोठा वाटला. त्याचं उत्तर द्यायचं तर जरा मागं जावं लागतं, थेट कोंबडी माणसाकडं आली तिथपर्यंत. म्हणून आज हिशोब नाही, इतिहास.

दाण्यापायी आली

आपल्याला वाटतं, माणसानं जंगलातून कोंबडी धरून आणली. खरं बघितलं तर ती आपल्या पायानं आली. आजच्या सगळ्या कोंबड्यांचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. २०२२ साली संशोधकांनी जगभरातली जुनी हाडं परत तपासली. पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं निघाली थायलंडमधल्या बान नोन वाट या ठिकाणची, इसवी सनापूर्वी साधारण १६५० ते १२५० या काळातली. त्या भागात पावसावरचा भात आणि भरडधान्य पिकायला लागलं आणि त्याच सुमाराला कोंबडी दिसायला लागली. खळ्यावर दाणा सांडला, रानकोंबडा बांबूच्या बेटातून खाली उतरला आणि वस्तीला राहिला. आजही खळं चालू असलं की आपल्या कोंबड्या शेजारच्या वावरातनं पळत येतात, ती तीन हजार वर्षांची सवय आहे.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. आपल्याकडच्या झाडीत असतो तो राखी रानकोंबडा, तो वेगळ्या जातीचा. २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण या राखी रानकोंबड्याकडून आलाय. म्हणजे दुकानात टांगलेल्या पिवळ्या पायाच्या कोंबडीत थोडं रक्त आपल्या डोंगराचं आहे.

मांजराची गोष्ट अशीच. धान्य साठवायला लागल्यावर उंदीर आले, उंदरामागं मांजर आली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलंय, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली आहे. कुत्रं तेवढं जुनं, शेतीच्याही आधीचं, शिकारी माणसाबरोबर फिरणारं. म्हणजे घरात आपण ज्यांना लाडानं हाका मारतो त्या तिघांतले दोघं धान्याच्या वासानं आलेत.

आणखी एक गंमत. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी कोंबडी खायची गोष्ट नव्हतीच. रोमचा सेनापती जुलियस सीझर दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटनवर चालून गेला, तेव्हा त्यानं लिहून ठेवलंय की इथले लोक ससा, कोंबडा आणि हंस खाणं बरं मानत नाहीत, नुसते हौसेसाठी पाळतात. कोंबड्या मोठ्या प्रमाणात खाल्ल्याचा जुना पुरावा आजच्या इस्रायलमधल्या मारेशा या गावातला आहे, तोही इसवी सनापूर्वी चौथ्या ते दुसऱ्या शतकातला. त्याआधी कोंबडा झुंजीला, पहाट सांगायला आणि देवाला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण उगाच पडलेली नाही. गावाचं घड्याळ कोंबडं होतं.

खुराड्याचा कारभार

आपल्याकडं कोंबडी राहिली ती घराच्या मागच्या दारी. तिच्यावर मालकी बाईची. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, म्हशीच्या दुधाचा हिशोब डेअरीच्या वहीत. पण खुराड्यात काय आहे ते विचारायला पुरुषमाणूस जात नव्हता. अंडी पदराखाली झाकून आठवडी बाजारात जायची आणि येताना मीठ, चहापत्ती, पोरीच्या वेणीची रिबीन यायची. पोराच्या परीक्षेची फी भरायची वेळ आली की एक कोंबडा कमी व्हायचा. हा पैसा कोणाच्या वहीत नाही, म्हणून कुठल्या अहवालातही दिसत नाही.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते, मग तिला दुरडीत भुसकाट घालून अंड्यावर बसवायचं आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं. खायला काय, तर जात्याखालचा भरडा, शिळी भाकरी, उकिरड्यावरचे किडे आणि जनावराच्या अंगावरचे गोचीड. विकतचं काही नाही. उत्पन्न कमी, पण खर्च जवळजवळ शून्य. शेतकऱ्याचा असा दुसरा कुठलाच धंदा नाही.

आणि करमणूक वेगळीच. आमच्या घरी एक मांजर होती, ती थंडीत खुडूक कोंबडीच्या दुरडीशेजारी जाऊन झोपायची. कोंबडी आधी फुलून अंगावर यायची, मग दोघी गप्प. तीच कोंबडी पिल्लं निघाल्यावर त्याच मांजरीला गोठ्यापर्यंत पळवायची. कुत्रं होतं मोत्या. ते अंडं तोंडात धरून, न फोडता, पार लिंबाखाली न्यायचं आणि तिथं बसून निवांत खायचं. आईनं एकदा रिकाम्या टरफलात मिरचीपूड भरून ठेवली, त्यानं ती हुंगून बाजूला ढकलली आणि शेजारचं चांगलं अंडं उचललं. पण रात्री मुंगूस किंवा रानमांजर आलं तर सगळ्यात आधी भुंकणारं तेच. बदकाची अंडी कोंबडीखाली उबवली तर काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पिल्लं पाण्यात उतरतात आणि आई काठावर उर फुटेपर्यंत ओरडते.

या कारभाराचा एकच मोठा शत्रू, मानमोडी. पशुवैद्यकांच्या भाषेत राणीखेत रोग, कारण आपल्या देशात तो कुमाऊंमधल्या राणीखेतजवळ ओळखला गेला. इंग्लंडमध्ये याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात. पुढं १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेत त्याची लस तयार झाली. लस निघाली, पण खुराड्यापर्यंत ती पोचायला फार वर्षं लागली. काही गावांत अजूनही पोचलेली नाही. एका आठवड्यात आख्खं खुराडं झोपायचं आणि बाईचं वर्षाचं भांडवल उकिरड्यात पुरलं जायचं.

आपला असील परदेशी गेला

आता धागा देशाबाहेर जातो. झुंजीसाठी नावाजलेली आपली असील जात तुम्हाला माहीत आहे. ताठ मान, रुंद छाती, भरीव मांड्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असील कोंबडे इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात गेले. याचं श्रेय बंगालच्या फौजेतले अधिकारी वॉल्टर गिल्बर्ट यांना देतात. तिथल्या जातींशी संकर झाला. इंग्रजांना झुंजीचा कोंबडा हवा होता, झुंजीत तो काही चालला नाही, पण अंगावर मांस इतकं की बघत राहावं. इंग्लंडमध्ये त्या जातीला आजही इंडियन गेम म्हणतात. अमेरिकेत तीच जात कॉर्निश झाली. आज जगभर जो बॉयलर खाल्ला जातो त्याच्या बापाच्या बाजूला हीच कॉर्निश आहे. म्हणजे बॉयलर विलायती खरा, पण आजोळ इकडचं.

एक शून्य जास्त पडलं

१९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाची एक शेतकरी बाई होती. तीही आपल्या आयाबहिणींसारखीच घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळायची. तिनं ५० पिल्लं मागवली, हॅचरीच्या चुकीनं ५०० आली. तिनं परत पाठवली नाहीत. खोपट बांधलं, वाढवली आणि साधारण दोन पौंडाची झाल्यावर ६२ सेंट पौंड भावानं मांसासाठी विकली. ३८७ जगली होती. पैसे इतके झाले की पुढच्या वर्षी तिनं दुप्पट मागवली आणि १९२६ पर्यंत तिच्याकडं दहा हजार पक्ष्यांचं शेड उभं होतं. तोवर कोंबडीचं मांस म्हणजे अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी नाहीतर जास्तीचा कोंबडा. नुसत्या मांसासाठी पिल्लं वाढवायचा धंदा या बाईपासून सुरू झाला असं मानतात.

लक्षात घ्या, सुरुवात एका बाईच्या खुराड्यातूनच झाली. नवरा आधी सागरी तटरक्षक दलात नोकरीला होता, तो नोकरी सोडून बायकोच्या धंद्यात आला.

कोंबड्या बारा महिने छपराखाली ठेवता यायला लागल्या त्याला एक शास्त्रीय कारण होतं. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला. त्याआधी ऊन न मिळाल्यानं पाय वाकडे होऊन पिल्लं मरायची. खाद्यात माशाचं तेल मिसळलं आणि उन्हाची गरज संपली. कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली ती त्या तेलामुळं.

मग दुसरं महायुद्ध संपल्यावर ए अँड पी या अमेरिकन दुकानसाखळीनं एक स्पर्धा भरवली, 'उद्याची कोंबडी' नावाची. देशभरातल्या पैदासकारांनी अंडी पाठवायची, ती एकाच जागी उबवायची, बारा आठवडे सारखंच खाद्य देऊन वाढवायची आणि कोणाची छाती भरदार ते बघायचं. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या व्हॅन्ट्रेस यांचा पक्षी जिंकला. तो होता कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर. आपला असील असा आडमार्गानं जिंकला.

त्यानंतर काय झालं ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात आहे. त्यांनी जपून ठेवलेले जुने वाण आणि नवा वाण शेजारी शेजारी, एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांत १९५७ चा वाण ९०५ ग्रॅम भरला, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, शेड तेच. हा फरक नुसत्या निवडीचा. लोक म्हणतात बॉयलरला वाढीचं इंजेक्शन देतात, ते खरं नाही. देण्याची गरजच राहिलेली नाही. प्रतिजैविकांची गोष्ट मात्र खरी. थोड्या मात्रेत ती खाद्यातून दिली की वाढ चांगली होते हे अमेरिकेत १९५० च्या सुमारास कळलं आणि जगभर ती सवय लागली. आपल्या देशात कोलिस्टिन हे औषध २०१९ मध्ये जनावरं आणि कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण माणसाच्या इलाजात ते शेवटच्या आधाराचं औषध आहे.

शिजवलेलं पाकीट

कोंबडी स्वस्त झाली, पण माल पडून राहायला लागला. शहरातली बाई कामाला जायला लागली, आख्खी कोंबडी आणून साफ करायला वेळ कोणाला? इथून तयार जेवणाचा इतिहास सुरू होतो आणि त्याच्या मुळाशी पुन्हा पोल्ट्रीवालेच आहेत.

नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात स्वॅन्सन ही कंपनी होती. मूळ धंदा कोंबड्या, टर्की, अंडी आणि लोणी. १९५४ च्या सुमाराला त्यांनी ॲल्युमिनियमच्या खणाच्या ताटलीत टर्कीचं मांस, वाटाणे आणि रताळी घालून गोठवलेलं जेवण बाजारात आणलं. टीव्ही बघत खायचं म्हणून नाव टीव्ही डिनर, किंमत ९८ सेंट. पंचवीस मिनिटं भट्टीत ठेवलं की जेवण तयार.

दुसरा माणूस कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट बेकर. त्याचं कामच होतं न्यूयॉर्क राज्यातल्या पोल्ट्री शेतकऱ्यांचा माल खपेल असे पदार्थ शोधणं. कोंबडीच्या मांसाचा खिमा कातडीशिवाय एकत्र चिकटवून ठेवायचा आणि वरचं आवरण गोठवताना-तळताना सुटू द्यायचं नाही, ही दोन कोडी त्यानं सोडवली. १९६३ साली त्यानं ती रीत छापून सगळ्यांना मोकळी करून टाकली, पेटंट घेतलं नाही. आज ज्याला नगेट म्हणतात ते हेच. मॅकडोनाल्डनं १९८३ साली अमेरिकाभर नगेट विकायला काढले. एका विद्यापीठानं शेतकऱ्यासाठी केलेलं काम, नफा मोठ्या दुकानानं नेला. कृषी विद्यापीठातल्या मित्रांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा जपानचा मोमोफुकु आंदो. ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या खोपटात बसून त्यानं तळून वाळवलेल्या शेवया केल्या. २५ ऑगस्ट १९५८ ला त्या बाजारात आल्या. पहिली चव कोंबडीच्या सूपची, नावच चिकिन रामेन. आपल्याकडं १९८३ साली मॅगी आली ती याच जातीची. आज आमच्या वस्तीवरच्या टपरीतही भाजी मिळाली नाही तरी शेवयांचं पाकीट मिळतं. सुगीच्या दिवसांत रानातून उशिरा आलेली बाई पोरांसमोर तेच ठेवते. तिला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. दिवसभर सोयाबीन काढून आल्यावर चूल पेटवायची ताकद कोणात असते?

पुण्यातून परत आली

आता महाराष्ट्रात या. १९६० च्या दशकात विलायती वाण आपल्या देशात यायला लागले. १९७१ साली डॉ. बंडा वासुदेव राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. तिथून लेयर आणि बॉयलरची एकदिवसीय पिल्लं गावोगाव जायला लागली. साठ-सत्तर अंड्यांची सवय असलेल्या माणसाला वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी कोंबडी म्हणजे नवलच. ती खुडूक होत नाही आणि पिल्लं काढत नाही. पिल्लू दरवेळी हॅचरीतूनच आणावं लागतं. संकरित बियाण्याची पिशवी दरवर्षी विकत घ्यावी लागते, तेच इथं.

पण याच डॉ. रावांचं एक काम शेतकऱ्यानं विसरू नये. १९८० नंतर अंड्याचा भाव उत्पादन खर्चाच्या खाली गेला. भाव व्यापारी ठरवायचे आणि शेड बंद पडत होते. रावांनी देशभर फिरून, शेतकऱ्यांच्या सभा घेऊन १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली, जिला सगळे एनईसीसी म्हणतात. अंड्याचा भाव उत्पादकांनी मिळून जाहीर करायचा, हा तिचा पाया. रोज अंडी खा म्हणणारी टीव्हीवरची जाहिरात तिचीच. कांद्याला, सोयाबीनला, टोमॅटोला आजवर जे जमलं नाही ते अंड्याला बऱ्यापैकी जमलं.

बॉयलर स्वस्त झाला तसं खाणंही बदललं. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वँग या स्वयंपाक्यानं कोंबडीचं मंचुरियन केलं. आज तालुक्याच्या प्रत्येक चौकात चायनीजची गाडी आहे. आमच्या लहानपणी कोंबडी कापायची ती जावई आला, जत्रा आली किंवा बाळंतिणीला रस्सा द्यायचा म्हणून. आता मजूरही आठवड्याला अर्धा किलो नेतो. गरिबाच्या ताटात मांस आलं, हे वाईट कसं म्हणू?

करार आणि खुराडं

नव्वदच्या दशकात तमिळनाडूकडं कराराची पद्धत रुजली, मग ती आपल्याकडं आली. कंपनी पिल्लू, खाद्य, औषध आणि सुपरवायझर देते. शेतकऱ्यानं शेड, पाणी, लाईट, तूस आणि रात्रंदिवसाची मेहनत द्यायची. चाळीस-बेचाळीस दिवसांत लिफ्टिंग. किलोमागं ठरलेला वाढीचा दर, त्यात मरतूक आणि एफसीआर बघून कमी-जास्त. बाजारभाव पडला तर तोटा कंपनीचा, हे या पद्धतीचं खरं सुख आहे, ते नाकारू नये. कोंबडखत राहतं तेही मोठं.

पण करारात एक अट असते. घरी, शेडच्या आसपास, गावरान कोंबडी ठेवायची नाही. कुत्रं-मांजर शेडमध्ये फिरकू द्यायचं नाही. भगिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. अटीमागं कारण आहे. पाच हजार सारख्याच वयाचे, सारख्याच रक्ताचे पक्षी एका छपराखाली दाटीनं असतात. खुराड्यातल्या एका कोंबडीला मानमोडी झाली तरी तिथं हाहाकार होतो. शास्त्र म्हणून अट बरोबर आहे.

हिशोब म्हणून मात्र ती अपुरी आहे. शेडचा करार नवऱ्याच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या खात्यात. शेडमध्ये भांडी धुणारी, तूस हलवणारी, पहाटे पडदे खाली-वर करणारी बाई. आणि मोडायचं ते तिचंच खुराडं. म्हणजे घरात धंदा वाढला आणि घरातल्या बाईच्या हातातला पैसा गेला. आमच्या ओळखीत असं एका घरात झालं. बॅच चांगली निघाली, नवी मोटारसायकल आली आणि वहिनींना आठवडी बाजाराला पैसे मागायची वेळ आली. कंपनीनं काही फसवलं नव्हतं. या गोष्टीचा विचारच कोणी केला नव्हता.

रोगाच्या वेळीही ओझं असंच उतरतं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. पोल्ट्रीतले लाखो पक्षी मारावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरच्या कोंबड्या गोळा करून मारल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात पुन्हा तेच. नियम म्हणून ते करावंच लागतं, ठरलेली भरपाईही मिळते. पण वर्षानुवर्षं निवडून राखलेली, घारीला ओळखणारी, पावसात टिकणारी खुराड्यातली रास भरपाईत परत येत नाही. २०२० च्या सुरुवातीला तर रोगही नव्हता. कोंबडीतून कोरोना होतो ही नुसती अफवा मोबाईलवर फिरली आणि पक्षी मातीमोल झाले. लोकांनी फुकट वाटले, खड्ड्यात पुरले.

आणि तुम्ही शेड टाकलं नाही तरी या धंद्यापासून सुटका नाही. सव्वादोन किलोचा एक बॉयलर वाढेपर्यंत साधारण सव्वादोन किलो मका आणि किलोभर सोयापेंड खातो. आपला मका आणि सोयाबीन कोण घेतं, तर शेवटी कोंबडीच. ऑगस्ट २०२१ आठवा. सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. खाद्य परवडत नाही म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी मागणी केली आणि केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. आपलं सोयाबीन निघेपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास आला. एकाच गावात शेडवाला खूश आणि सोयाबीनवाला रडकुंडीला. पाकिटातलं चिकन स्वस्त राहतं ते कोणीतरी ती किंमत आधीच मोजलेली असते म्हणून.

मग करायचं काय

पोरांनो, शेड टाकायचं तर टाका. पण कराराची प्रत मराठीत मागा आणि सही करायच्या आधी घरातल्या बाईसमोर वाचा. लिफ्टिंगच्या वेळी वजन आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या. कर्जाचा हप्ता वर्षाला सहा नाही, चार बॅच धरून काढा, म्हणजे एखादी अफवा आली तरी घर चालेल.

ज्यांना शेड टाकायचं नाही त्यांनी खुराडं नीट चालवा. सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात, आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बीची लस, मध्ये देवीची लस. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची येते म्हणून आपण टाळतो. गल्लीतल्या दहा घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवलं तर खर्च चहाएवढाही येत नाही. गावातल्या पशुधन पर्यवेक्षकांना आधी सांगून ठेवा. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती चांगल्या आहेत, फक्त त्या पिल्लं काढायला बसत नाहीत म्हणून दोन-चार गावरान खुडूक कोंबड्या राखा. आणि दामदुप्पट देतो म्हणून कोणी कोंबड्या गळ्यात मारायला आलं तर २०१९ चं कडकनाथ प्रकरण आठवा. कडकनाथ चांगला पक्षी आहे, झाबुआच्या आदिवासींनी जपलेला. फसवणूक कराराची होती.

आणि जिथं शेडसाठी खुराडं मोडावंच लागतंय, तिथं माझं एक सांगणं आहे. दहा गावरान कोंबड्यांची वर्षाची साडेसहाशे अंडी होतात. दहा रुपयांनी धरली तरी साडेसहा हजार रुपये, वरचे कोंबडे वेगळेच. एवढी रक्कम तरी दरवर्षी लिफ्टिंगच्या पैशातून आधी बाईच्या खात्यावर टाकायची, मग हप्ता, मग बाकीचं. ती कुठं खर्च केली ते विचारायचं नाही. खुराड्याचा हिशोब आपल्या वडिलांनी कधी विचारला नव्हता.

तुमच्याकडं करारात ही अट आहे का, आणि खुराडं मोडल्यावर घरात काय बदललं, ते लिहा. पुरुषमंडळींनी लिहिण्याआधी फोन जरा घरात द्या.